रांगेबाहेरचा शिपाई

२६ जानेवारीला सकाळी आपल्यापैकी बहुतेक घरांत एक ठरलेला कार्यक्रम असतो. अंगावर शाल, हातात चहाचा दुसरा कप आणि समोर दूरदर्शनच्या पडद्यावर दिल्लीचे संचलन. एका रेषेत पडणारी ती पावले पाहून घरातले एखादे लहान मूल हमखास विचारते, "यांच्यातला एकही चुकत कसा नाही हो?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र पडद्यावर दिसत नाही. ते ज्यांच्याकडे असते ती माणसे त्या वेळी तंबूत, लंगरात नाहीतर ट्रकच्या आडोशाला असतात. १९७२ साली मी त्यांच्यापैकी एक होतो.

आधी थोडा इतिहास सांगतो. १९५० चे पहिले संचलन राजपथावर झालेच नाही. ते झाले आयर्विन स्टेडियममध्ये, ज्याला आज मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियम म्हणतात. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्याच दिवशी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली होती, आणि पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो. राजपथ हे संचलनाचे कायमचे ठिकाण झाले ते १९५५ पासून. २०२२ साली त्या रस्त्याला कर्तव्यपथ हे नाव मिळाले.

आमचा यवतमाळ जिल्हा म्हणजे कापसाचा मुलूख. साताऱ्याकडे जसा घरटी एक फौजी, तसे आमच्याकडे नाही. त्यामुळे दिल्लीच्या संचलनासाठी आपली निवड झाल्याचे मी पत्राने कळवले, तेव्हा ऐन वेचणीच्या दिवसांत लोक कामे टाकून आमच्या ओसरीवर आले. धामणगाव स्टेशनावर गाडीत बसवून दिलेला पोरगा राष्ट्रपतींपुढून चालणार! पत्रात 'राखीव' असाही एक शब्द होता. पण त्याच्यापाशी कुणी थांबले नाही.

राखीव म्हणजे काय, ते सांगायला हवे. हल्ली एका तुकडीत साधारणपणे बारा-बारा जणांच्या बारा रांगा असतात, म्हणजे १४४ जवान. थंडीने एखाद्याला ताप भरतो, एखाद्याच्या टाचेला फोड येतो. एक जरी माणूस गळाला, तरी त्या चौकोनाला खिंडार पडते आणि ते लांबूनही दिसते. म्हणून काही जवान राखीव ठेवावे लागतात. त्यांनीही सगळी कवायत करायची, पहाटेच्या धुक्यात चार किलोंहून अधिक वजनाची रायफल खांद्यावर घेऊन तितकेच चालायचे. रांगेतल्या जवानाला आपली एक जागा पाठ असली की पुरे. राखीवाला मात्र जिथे भोक पडेल तिथे बसता आले पाहिजे. आज डावे टोक, तर उद्या मधली रांग. गंमत म्हणजे कवायत जास्त पक्की करायची, ती न चालणाऱ्याने!

२५ तारखेच्या संध्याकाळी हवालदारांनी नावे वाचली. सगळे धडधाकट होते. माझे नाव आले नाही. हवालदार साताऱ्याकडचे, मोठे कडक, पण त्या वेळी जवळ येऊन मराठीत म्हणाले, "तू उद्या बाहेर. पण दोनला सगळ्यांच्या आधी उठायचं ते तूच."

उठलो. दिल्लीची जानेवारीतली थंडी विदर्भातल्या माणसाला विंचवासारखी डसते. आधी लंगरात जाऊन चहाची किटली आणली. मग बूट. आदल्या दिवशी चकचकीत केलेल्या बुटांवर रात्रीचे दव धरलेले. ते पुसून टाचेवर पुन्हा कापड फिरवायचे. पट्ट्यांची पितळे ब्रासोने घासायची. कडक इस्त्रीचा गणवेश चढवलेल्या जवानाला खाली बसता येत नाही, कारण चुणी मोडते; म्हणून त्याच्या बुटाची नाडी दुसऱ्याने बांधायची. त्या पहाटे मी किती नाड्या बांधल्या असतील देव जाणे. एकाच्या कोटाचे बटण ऐन वेळी लोंबत होते; सुई-दोरा माझ्या खिशात होताच. मग ट्रक निघाले, आणि आम्ही राखीव जवान मागच्या ट्रकमध्ये, पाण्याच्या डब्यांबरोबर.

संचलन मी पाहिले नाही, ऐकले. राष्ट्रगीत सुरू झाले आणि ५२ सेकंदांत एकवीस तोफा झाल्या. मग वाद्यवृंद, आणि त्यामागून बुटांचा आवाज. आमची तुकडी कोणती हे मला तालावरून कळले. "दाहिने देख" हा हुकूम कानी पडला तेव्हा ट्रकमागे उभ्या असलेल्या माझी मानही आपोआप उजवीकडे वळली. समोर होता फक्त ट्रकचा फळका!

मनाला लागले का? लागले. एकवीस वर्षांचे वय होते. पण ते वर्ष निराळे होते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शत्रूने शस्त्रे खाली ठेवली, त्याला सहा आठवडेही झाले नव्हते. त्याच २६ जानेवारीला इंदिरा गांधींनी इंडिया गेटखाली अमर जवान ज्योतीला वंदन केले. पुढे एका संध्याकाळी आम्हाला तिथे नेले. कमानीवर पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ज्योतीपाशी मात्र उलटी रोवलेली एक रायफल, तिच्यावर एक हेल्मेट. नाव कुणाचेच नाही. त्यापुढे माझी तक्रार फार लहान वाटली. २०२२ साली ती ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली.

रजेवर घरी आलो तेव्हा मायने पहिला प्रश्न केला तो रेडिओचा. गावात एकाकडे संच होता, त्याभोवती सारा वाडा जमला होता.

"बुटाईचा आवाज आयकला आमी. त्यातला तुया कोन्ता होता रे?"

"मी त मांगं होतो, माय. त्या बुटाईले पालिश माया हातचं होतं."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मंग त्यात तुया बी आलाच ना!"

निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. २६ जानेवारीला गावच्या शाळेत झेंडा बांधायचे काम माझ्याकडे असते. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. २६ जानेवारीला तो घडी करून आधीच वर बांधलेला असतो आणि दोरी ओढून फडकवतात. सारी मेख त्या गाठीत आहे. सैल पडली तर पाहुणे येण्याआधीच फुले खाली. घट्ट बसली तर पाहुणे दोरी ओढताहेत आणि झेंडा हलत नाही! म्हणून अंधारातच जातो, दोनदा ओढून पाहतो, पाकळ्या भरून पुन्हा बांधतो. शाळेचा शिपाई तोवर फक्कीने रेघा आखत असतो. आम्ही फारसे बोलत नाही.

पुढच्या २६ जानेवारीला झेंडा एका झटक्यात उलगडला, पाकळ्या खाली आल्या आणि टाळ्या पडल्या, की जवळच्या माणसाला हळूच विचारा, गाठ कुणी बांधली होती? बहुधा तो माणूस मैदानाच्या कडेला, दोरीचे उरलेले भेंडोळे गुंडाळत उभा असेल.