पश्चात्ताप कोणाचा?

शतकानुशतकें धर्माच्या नांवानें जो अन्याय घडला, त्याचा पश्चात्ताप अनुयायांनीं करावयाचा कीं खुद्द धर्मसंस्थेनें? कॅथलिक चर्च व यहुदी समाज यांच्या संबंधांचा विचार करितांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

यहुद्यांचा छळ ही केवळ अडाणी जमावाची करणी नव्हती. त्यांनीं ओळखूं येईल असा निराळा पोशाख करावा, असें १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेनेंच ठरविलें. १५५५ सालीं पोप चवथे पॉल यांनीं फर्मान काढून रोमच्या यहुद्यांस तटबंद वस्तींत कोंडलें. आमच्या शेजारच्या गोव्यांत वैद्य गार्सिया द ऑर्ता हे १५६८ सालीं वारले. पण ते गुप्तपणें यहुदी होते असें ठरवून इन्क्विझिशननें १५८० सालीं त्यांचीं हाडें उकरून जाळविलीं. परिषद, फर्मान आणि न्यायासन! यांत एकट्यादुकट्या माणसाची चूक ती कोणती?

पुढें चर्चनें पाऊल उचललें, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. पोप तेविसावे जॉन यांनीं १९५९ सालीं गुड फ्रायडेच्या प्रार्थनेंतील यहुद्यांची निंदा करणारें विशेषण काढून टाकविलें. १९६० सालीं त्यांना भेटावयास फ्रेंच इतिहासकार जूल ईझाक गेले. त्यांची पत्नी व कन्या नाझींच्या छळछावणींत बळी पडल्या होत्या. तरी त्यांनीं सूड मागितला नाहीं, धर्मशिक्षणांतील द्वेष काढा इतकेंच मागितलें. १९६५ च्या ऑक्टोबरांत व्हॅटिकन परिषदेनें २,२२१ विरुद्ध ८८ मतांनीं जाहीर केलें कीं, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांच्या माथीं मारतां येत नाहीं.

परंतु १९९८ सालच्या व्हॅटिकनच्या निवेदनांत दोष आला तो चर्चच्या ‘मुलामुलींच्या’ पदरांत. चर्च स्वतः नामानिराळें राहिलें. आदल्याच वर्षीं फ्रान्सच्या बिशपांनीं, जेथून यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडलें त्या द्राँसी गांवीं उभें राहून, याहून धीट शब्द उच्चारिले होते: आमचें मौन हा अपराध होता, आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धि जागी ठेवण्याच्या कर्तव्यांत फ्रान्सचें चर्चच चुकलें.

आमच्या मतें खरा पश्चात्ताप तो हाच. फर्मान संस्थेचें आणि पाप मात्र अनुयायांचें, ही वांटणी न्यायाची नव्हे. बाराव्या पायस यांच्या कारकीर्दीचे कागद २०२० सालीं अभ्यासकांस खुले झाले, हें उचितच झालें. दप्तर उघडणारी संस्था लहान होत नाहीं. तें झांकून ठेवणारी होते.