सरासरी वाढली म्हणजे नेमकं काय वाढलं?

आजचा प्रश्न असा : विकसनशील देशाने आयात शुल्क उतरवलं की तिथल्या कारखान्यांची उत्पादकता वाढते का? उत्पादकता म्हणजे तेवढीच माणसं, तेवढीच यंत्रं आणि तेवढाच कच्चा माल वापरून जास्त माल काढणं. बहुतेक अभ्यास ‘हो, वाढते’ असं सांगतात. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. तेव्हा मी विचारणार, ‘वाढते’ म्हणजे कोणाची वाढते?

आपल्याकडे काही शाळा दहावीच्या कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावतात. शाळेचा निकाल वर जातो, पण कोणी अक्षरही जास्त शिकलेलं नसतं. समूहाची सरासरी वाढली, म्हणून त्यातला प्रत्येक जण सुधारला असं म्हणता येत नाही.

आता चिली हा देश बघा. १९७९ पर्यंत तिथे जवळपास सर्व वस्तूंवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवर आणलं होतं. नीना पावचनिक यांनी १९७९ ते १९८६ या काळातल्या कारखान्यांचा अभ्यास केला. एकूण उत्पादकता सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. त्यातली ६.६ टक्के वाढ कारखान्यांच्या आत झालेल्या सुधारणेची. उरलेली १२.७ टक्के कशाची? साधनं आणि उत्पादन कमी कार्यक्षम कारखान्यांकडून जास्त कार्यक्षम कारखान्यांकडे सरकलं, त्याची.

इथे शाळेचा दाखला थोडा अपुरा पडतो, हेही सांगायला हवं. भांडवल आणि माणसं चांगल्या कारखान्यात गेली, तर देशात खरोखरच जास्त माल निघतो. तो आकड्यांचा खेळ नव्हे. पण त्यात एक ‘जर’ आहे. बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार दुसरीकडे कामाला लागला, तर. उत्पादकतेच्या हिशेबात चालू कारखाने येतात. फाटकाबाहेर उभा राहिलेला माणूस येत नाही.

भारतात वेगळी गोष्ट दिसते. १९९० साली आपलं सरासरी आयात शुल्क ८० टक्क्यांच्या वर होतं, १९९६ पर्यंत ते ३७ टक्क्यांच्या आसपास आलं. पेटिया टोपालोव्हा आणि अमित खंडेलवाल यांना असं आढळलं, की कंपन्यांची उत्पादकता वाढली ती परदेशी मालाशी स्पर्धा आल्यामुळे, पण त्याहून जास्त कच्चा माल आणि सुटे भाग स्वस्त झाल्यामुळे. पंप बनवणाऱ्याला चांगलं बेअरिंग परवडू लागलं, तर त्याचा पंप सुधारणारच! इंडोनेशियाच्या अभ्यासातही असंच दिसलं. म्हणजे ‘स्पर्धेच्या धाकाने माणूस सुधारतो’ ही आपली आवडती समजूत निम्मीच खरी. चांगलं हत्यार हाती आल्यानेही, आणि बरेचदा जास्तच, सुधारतो.

मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा अभ्यास मुख्यतः मोठ्या कंपन्यांचा. गल्लीतली वर्कशॉपं त्यात नाहीत. दोन, नंतरच्या एका अभ्यासात दिसलं, की उत्पादनखर्च जितका उतरला तितक्या किमती उतरल्या नाहीत. लाभाचा मोठा भाग कंपन्यांच्या नफ्यात राहिला. अर्थात त्याच काळात नवनवी उत्पादनंही बाजारात आली, हेही खरं.

तेव्हा आयात खुली करणं चांगलं की वाईट, असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. कशावरचं शुल्क उतरवलं, तयार मालावरचं की कच्च्या मालावरचं? वाढ कारखान्याच्या आत झाली, की दुबळे गळाल्यामुळे? आणि जे गळाले त्यांची सोय कोणी केली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकडेवारीत शोधता येतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र धोरण आखणाऱ्यांनी शुल्क उतरवण्याआधीच तयार ठेवायला हवं, कारण कारखाना एका महिन्यात बंद होतो आणि पन्नाशीच्या कामगाराला नवं काम शिकायला वर्षं लागतात.