कटिशूल, पांडुता आणि प्रथिनांचा आलेख

काही वर्षांपूर्वी साठीतील एक गृहस्थ कटिशूलाची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. कटिबस्ती व वातघ्न औषधांनी त्यांना थोडा उपशय मिळाला. परंतु पांडुता वाढत गेली आणि ई.एस.आर. शंभराच्या वर राहिला. मूत्राची पट्टी-तपासणी निर्दोष आल्याने मी दोन महिने निश्चिंत राहिलो. पुढे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये 'एम' पट्टा दिसला व मज्जापरीक्षणाने मल्टिपल मायलोमाचे निदान निश्चित झाले. ते दोन महिने आजही मनाला बोचतात.

विद्युत्क्षेत्रात प्रथिने मुख्यतः आपापल्या विद्युत्भारानुसार कमी-अधिक वेगाने सरकतात, हे या तपासणीचे तत्त्व होय. स्वीडनमधील उप्साला येथील आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली या पद्धतीने सीरममधील प्रथिने विलग केल्याचे प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रचलित पद्धतीत अगॅरोज जेलवर, सुमारे ८.६ पीएचच्या द्रावणात, सीरमचे विलगीकरण करून पट्टे रंगवितात. अल्ब्युमिन धनाग्राकडे सर्वांत पुढे जाते; त्यामागे अल्फा-१, अल्फा-२, बीटा व गॅमा हे विभाग येतात.

जीर्ण संसर्गात वा यकृतविकारात अनेक प्रकारची प्रतिपिंडे वाढल्याने गॅमा विभाग रुंद फुगतो. मायलोमात मात्र एकाच पेशीकुलातून एकच प्रतिपिंड निर्माण होते. म्हणून आलेखात अरुंद, उंच शिखर दिसते. त्याचा प्रकार इम्युनोफिक्सेशनने ठरतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूत्रपट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन ओळखते. बेन्स जोन्स प्रथिन तिला बहुधा सापडत नाही. त्यासाठी मूत्राचे इलेक्ट्रोफोरेसिस व सीरममधील फ्री लाइट चेन तपासणी करावी, कारण काही रुग्णांत सीरमचा आलेख निर्दोष दिसतो. दुसरे, नमुना सीरमचाच असावा. प्लाझ्मातील फायब्रिनोजेनचा पट्टा फसवा ठरतो.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश व प्रत्यक्षासोबत अनुमानालाही रोगज्ञानाचे साधन मानले आहे. हा आलेख म्हणजे अनुमानाला मिळालेला एक आधारच होय. उतारवयातील कटिशूलासोबत पांडुता, बलक्षय किंवा वृक्कविकाराची चिन्हे आढळल्यास केवळ वातव्याधी मानून थांबू नये, अशी वैद्यबंधु-भगिनींना नम्र विनंती. रुग्णाला वेळीच तज्ज्ञांकडे पाठविणे, हेही आपले चिकित्साकर्मच आहे.