मधुमेह व मेंदूचे कार्य

मधुमेहात रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिल्याने डोळे, मूत्रपिंडे व हातापायांच्या तंत्रिका यांत विकृती निर्माण होतात, हे सर्वपरिचित आहे. मेंदूही या परिणामांपासून अलिप्त राहत नाही. स्मृतिनाश किंवा आकलनातील उणीव रुग्णाच्या अथवा त्याच्या आप्तांच्या लक्षात येण्यापूर्वीच मेंदूच्या कार्यात सूक्ष्म फरक पडू लागतात. प्रतिबंधाच्या दृष्टीने ही अलक्षित अवस्था विशेष महत्त्वाची होय.

इतिहास : फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलीन वेगळे केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील डब्ल्यू. आर. माइल्स व एच. एफ. रूट यांनी मधुमेही रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या व त्यांची स्मृती आणि अवधान काहीसे कमी असल्याचे दाखविले. नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथील पाहणीत (१९९९) मधुमेही वृद्धांत मनोभ्रंशाचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळला.

कारणमीमांसा : मेंदूचे वजन शरीराच्या सु. २% असते, परंतु विश्रांत अवस्थेत शरीर वापरीत असलेल्या ऑक्सिजनापैकी सु. २०% ऑक्सिजन एकट्या मेंदूला लागतो. ग्लुकोज हे त्याचे मुख्य इंधन असून त्याचा साठा मेंदूत अत्यल्प असल्यामुळे रक्तातून अखंड पुरवठा व्हावा लागतो. मेंदूतील ग्लुकोजाचा प्रवेश वाहक प्रथिनांमार्फत होतो व त्यास बहुतांशी इन्शुलिनाची गरज नसते. त्यामुळे मेंदूचा इन्शुलिनाशी संबंध नाही, असा पूर्वी समज होता. तथापि स्मृतीशी निगडित अशा हिपोकॅम्पस या भागात इन्शुलिनाचे ग्राही आढळतात व तंत्रिका कोशिकांमधील संदेशवहनावर इन्शुलिनाचा प्रभाव पडतो. प्रकार २ च्या मधुमेहातील इन्शुलीन-रोधामुळे हे कार्य मंदावू शकते. 

दुसरे कारण सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील विकृती हे आहे. मेंदूचा जो भाग कार्यरत होतो तेथील रक्तप्रवाह निरोगी अवस्थेत काही सेकंदांत वाढतो. वाहिन्यांच्या अंतःस्तराला इजा झाली म्हणजे त्या पुरेशा विस्फारत नाहीत आणि गरज व पुरवठा यांचा मेळ बिघडतो.

लक्षणपूर्व बदल : चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने मेंदूच्या कार्याच्या प्रतिमा घेता येतात. मनुष्य स्वस्थ पडून असताना मेंदूचे काही दूरस्थ भाग एकाच लयीत कार्य करीत असतात. प्रकार २ च्या ज्या रुग्णांत बौद्धिक दोष नव्हता त्यांच्यातही हा सहसंबंध दुबळा झाल्याचे २०१२ मधील एका अभ्यासात आढळले. अनपेक्षित उद्दीपनानंतर सु. ३०० मिलिसेकंदांनी उमटणारा विद्युत् तरंगही अनेक मधुमेहींत विलंबाने येतो. चाचण्यांत बहुधा विचारप्रक्रियेचा वेग व नियोजनक्षमता यांत प्रथम फरक दिसतो. नेहमीचे व्यवहार सुरळीत चालू असल्याने तो रुग्णास जाणवत नाही. औषधाची मात्रा चुकणे किंवा वेळ विसरणे हा त्याचा पहिला दृश्य परिणाम असू शकतो.

नियंत्रणाचे महत्त्व व मर्यादा : प्रकार १ च्या १,१४४ रुग्णांच्या सु. १८ वर्षांच्या निरीक्षणात (२००७) ग्लुकोजाची दीर्घकालीन पातळी अधिक असणाऱ्यांत मानसिक व कारक क्रियांचा वेग किंचित घटलेला आढळला. तीव्र अल्पशर्करेच्या झटक्यांमुळे मात्र अशी घट दिसली नाही. याउलट प्रकार २ च्या वयस्क रुग्णांत अशा झटक्यांनंतर मनोभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला (२००९). अमेरिका व कॅनडा येथील एका चाचणीत अतिकठोर नियंत्रणाने ४० महिन्यांनंतर मेंदूचे आकारमान कमी घटले. परंतु बौद्धिक क्षमतेत फरक पडला नाही (२०११). मृत्यूंचे प्रमाण वाढल्याने हे कठोर नियंत्रण २००८ मध्येच थांबवावे लागले होते. यावरून शर्करा अधिक असणे व ती अकस्मात घसरणे या दोहोंपासून मेंदूचे रक्षण करणे आवश्यक ठरते आणि नियंत्रणाचे लक्ष्य रुग्णाचे वय व प्रकृती पाहून ठरवावे लागते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, धूम्रपान टाळणे व नियमित व्यायाम यांनी रक्तवाहिन्यांचे संरक्षण होते.

भारतात २०२१ मध्ये सु. १०·१ कोटी लोक मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे डोळे व पाय यांच्याप्रमाणेच ६५ वर्षांवरील मधुमेहींच्या स्मृतीची व आकलनाचीही नियमित तपासणी होणे इष्ट आहे.