नवा व्यवसाय, नवे संकेतस्थळ : आधी पत्ता, मग सजावट

मालेगाव (जि. वाशीम) : नवे दुकान थाटताना पाटी रंगवून घ्यायची, हा शिरस्ता जुना आहे. आता पाटीच्या जोडीला संकेतस्थळही असावे, असे नव्या व्यावसायिकांना वाटू लागले आहे. ते योग्यच आहे. मात्र मालेगावातील व्यावसायिकापुढे जी अडचण उभी राहते, ती रिसोड किंवा मंगरूळपीरच्या व्यावसायिकापुढे नसते. ती अडचण म्हणजे गावाचे नाव.

'मालेगाव' हा शब्द शोधयंत्रात टाकला की बहुतेक वेळा समोर येते ते नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. २०११ च्या जनगणनेतच त्या शहराची लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक होती. तेथील हौशी चित्रपटकर्त्यांवर बेतलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि ते नाव आणखी दूरवर पोहोचले. बारामती तालुक्यातील साखर कारखान्याचे मालेगाव वेगळे, तर नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले मालेगाव आणखी वेगळे. या गर्दीत वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मागे पडते. परिणामी तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून चौकशीचे दूरध्वनी येतात आणि मेडशी किंवा शिरपूरच्या ग्राहकाला मात्र जवळचे दुकान सापडत नाही. त्यामुळे येथील संकेतस्थळाचे पहिले काम आपले मालेगाव कोणते, हे निःसंदिग्धपणे सांगणे हेच ठरते.

आधी ठावठिकाणा

उदाहरणादाखल, मालेगावात एखाद्याने लाकडी घाण्यावर करडई, तीळ आणि शेंगदाण्याचे तेल काढण्याचा व्यवसाय सुरू केला, असे समजू. त्याच्या संकेतस्थळाच्या मथळ्यात 'शुद्धतेची परंपरा' यासारखे शब्द असले, तर ते शोधयंत्राच्याही उपयोगाचे नाहीत आणि ग्राहकाच्याही. त्याऐवजी 'लाकडी घाण्याचे तेल, मालेगाव, जि. वाशीम' हा साधा मथळा दोघांनाही पुरेसा ठरतो. जिल्ह्याचे नाव 'वाशीम' आणि 'वाशिम' असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. मजकुरात एकेका ठिकाणी दोन्ही रूपे आलेली बरी. इंग्रजीतून शोधणाऱ्यांसाठी रोमन लिपीतील नावही असावे.

पत्ता देताना ४४४५०३ हा पिनकोड न विसरता द्यावा. नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा पिनकोड ४२३२०३ आहे. पार्सल मागविणाऱ्याला आणि पाठविणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा असतो. मालेगाव अकोला-वाशीम-हिंगोली मार्गावर आहे, तसेच मेहकरकडून कारंजाकडे जाणारा जुना नागपूर-मुंबई रस्ताही येथूनच जातो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाल्यानंतर बाहेरगावच्या प्रवाशाचा रस्ता बदलला आहे. महामार्गावरून उतरून दुकानापर्यंत कसे यावे, हे दोन ओळींत लिहिले तर असा ग्राहकही मिळू शकतो. जवळची परिचित खूण द्यावी. परगावच्या माणसाला चौकाचे नाव ठाऊक नसते, पण बसस्थानक ठाऊक असते.

याला जोड द्यावी ती गुगलच्या नकाशावरील नोंदीची. ही नोंद विनामूल्य आहे. व्यवसाय खरोखरच त्या जागी आहे का, याची पडताळणी केली जाते आणि त्यासाठी दुकानाची चित्रफीतही मागितली जाऊ शकते. नकाशा, संकेतस्थळ आणि पावती या तिन्ही ठिकाणी नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक तंतोतंत सारखे असावेत. एका ठिकाणी जुना आणि दुसऱ्या ठिकाणी नवा क्रमांक असला, तर ग्राहकाचा विश्वास तेथेच डळमळतो.

नाव स्वतःच्या मालकीचे हवे

नकाशावरील नोंद फुकट मिळते, मग संकेतस्थळाचा खर्च कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळाले. व्यवसायाच्या नोंदीसोबत गुगल जी साधी संकेतस्थळे विनामूल्य तयार करून देत असे, ती त्या महिन्यात बंद करण्यात आली. ज्यांनी फलकावर आणि पिशव्यांवर तोच पत्ता छापला होता, त्यांना तो बदलावा लागला. परक्याच्या जागेत टाकलेल्या दुकानाची ही जोखीम असते. समाजमाध्यमांवरील पानांनाही हीच गोष्ट लागू पडते. ती अवश्य चालवावीत, पण कायमचा पत्ता आपला असावा.

'.इन' या भारतीय नामपत्त्याची नोंदणी २००५ पासून सर्वांना खुली आहे. देवनागरीतील '.भारत' हा पर्याय २०१४ मध्ये आला. नोंदणी एका वेळी कमाल दहा वर्षांसाठी करता येते आणि तिचा वार्षिक खर्च दुकानाच्या फलकाच्या मानाने किरकोळ असतो. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. नोंदणी व्यवसायाच्या मालकाच्या नावाने, त्याच्याच ई-मेलवर आणि त्याच्याच मोबाइल क्रमांकावर व्हावी. अनेकदा संकेतस्थळ तयार करून देणारी व्यक्ती ती स्वतःच्या नावाने करते. पुढे मतभेद झाले किंवा ती व्यक्ती गाव सोडून गेली, तर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या वहीत लिहून ठेवावी.

मराठी मजकूर कसा असावा?

तालुक्यातील ग्राहकासाठी मराठी मजकूर हवा, याबद्दल दुमत नसावे. पण केवळ मराठी दिसणे पुरेसे नाही. छपाईच्या दुकानात अनेकदा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर तयार होतो. तो संकेतस्थळावर तसाच चढवला, तर वाचकाला निरर्थक अक्षरे दिसतात. तो चित्र म्हणून चढवला, तर माणसाला वाचता येतो, पण शोधयंत्राला त्यातील शब्दांचा भरवसा देता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. मोबाइलवर मराठी लिहिले जाते ते युनिकोडच असते. त्यामुळे पत्रक छापणाऱ्याकडून फाइल आणण्यापेक्षा मालकाने स्वतः मोबाइलवर मजकूर लिहून देणे अधिक सोयीचे ठरते.

मजकुरात काय असावे, हे ग्राहकाच्या प्रश्नांवरून ठरवावे. तेल कोणते, किती मिलिलिटरच्या बाटलीत, भाव काय? दुकान किती वाजता उघडते, आठवडी बाजाराच्या दिवशी सुरू असते का? स्वतःची करडई आणून तेल काढून मिळते का, पेंड कोणाची? पहिल्या पानावर याची उत्तरे असतील, तर निम्मे काम झाले. भाव बदलणारे असतील, तर ते कोणत्या तारखेचे आहेत हे नमूद करावे. गेल्या दिवाळीचा भाव दाखविणाऱ्या संकेतस्थळापेक्षा भाव न दाखविणारे बरे.

हलके आणि सुरक्षित

येणारे बहुसंख्य ग्राहक मोबाइलवरून येणार, हे गृहीत धरून पान तयार करून घ्यावे. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाइटचे असते. अशी दहा छायाचित्रे चढवली, तर कमकुवत नेटवर्क असलेल्या गावात पान उघडेपर्यंत ग्राहक निघून जातो. प्रत्येक छायाचित्र शंभर-दोनशे किलोबाइटपर्यंत लहान करावे. दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागावा. २०१८ पासून गुगलचा क्रोम ब्राउझर 'एचटीटीपीएस' नसलेल्या संकेतस्थळांना 'असुरक्षित' असा शेरा देतो. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याचे वेगळे मोठे बिल कोणी लावल्यास कारण विचारावे.

थेट विक्री करायची असेल तर

संकेतस्थळावरून मालाची मागणी घ्यायची झाल्यास जबाबदाऱ्या वाढतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते. बाटलीबंद मालाची किंमत, निव्वळ प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता संकेतस्थळावरही द्यावा लागतो. खाद्यपदार्थासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी अनिवार्य आहे. परराज्यात माल विकल्यास, काही हस्तकला वस्तूंचा अपवाद वगळता, उलाढाल कितीही कमी असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. म्हणूनच नव्या व्यावसायिकाने प्रारंभी केवळ माहिती आणि चौकशीपुरते संकेतस्थळ ठेवावे. मागणी स्थिरावली की विक्रीचा विचार करावा.

संकेतस्थळ सुरू झाल्यावर पहिले काही महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमचा पत्ता कोठून मिळाला?' असे विचारून उत्तर लिहून ठेवावे. कोणता मजकूर उपयोगी पडला आणि कोठे सुधारणा हवी, हे त्यावरून कळते. नाशिककडचे दूरध्वनी कमी होऊन मेडशी, शिरपूर, जऊळक्याचे ग्राहक वाढू लागले, तर संकेतस्थळावर झालेला खर्च वाया गेलेला नाही, असे समजावे.