विजेची मोटारगाडी आणि पसरणीचा घाट

वाई सोडून पाचगणीकडे निघालेले वाहन पसरणी घाटाला लागले, की सुमारे १२ किलोमीटरांच्या वळणावळणाच्या रस्त्यात जवळजवळ ६०० मीटर उंची चढते. भरल्या गाडीने हा चढ चढताना पेट्रोलचे इंजिनही कुरकुरू लागते. मग केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीचा येथे निभाव कसा लागणार, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. हिशेब मांडून पाहिला असता मात्र असे दिसते की, घाट ही या मोटारीची खरी अडचण नव्हेच. तिची अडचण घाट चढून गेल्यावर, रात्री गाडी जेथे उभी करावयाची तेथे सुरू होते.

विजेची मोटार ही काही आजची कल्पना नव्हे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत धावणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश मोटारी विजेवर चालत. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, आणि शिशाच्या जड बॅटऱ्या त्या स्पर्धेत मागे पडल्या. हलक्या लिथियम बॅटरीमुळे या वाहनाला पुन्हा दिवस आले. आपल्या देशात बंगळूरची ‘रेवा’ ही छोटी गाडी २००१ मध्ये रस्त्यावर आली. पण कुटुंबाने प्रवासाला न्यावी अशी गाडी सामान्य खरेदीदारापुढे आली ती २०२० च्या जानेवारीत, पुण्याजवळच्या रांजणगावी तयार होणाऱ्या ‘नेक्सॉन’च्या रूपाने. एस. टी. महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरील बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. १ जून १९४८ रोजी महामंडळाची पहिली गाडी याच मार्गावर धावली होती, हे जुन्या प्रवाशांना आठवत असेल.

घाटाचा हिशेब

चार माणसे बसलेल्या मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीचे वजन साधारणतः १,७०० किलो भरते. एवढे वजन ६०० मीटर वर उचलण्यास पावणेतीन युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. यंत्रणेतील गळती, चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध धरला, तर वाई ते पाचगणी या चढाला सुमारे ४ युनिट वीज खर्ची पडते. सपाट रस्त्यावर तेवढ्याच अंतराला पावणेदोन-दोन युनिट पुरतात. म्हणजे चढताना खर्च दुपटीहून अधिक होतो, हे खरे. तथापि ३० युनिटांच्या बॅटरीतून ४ युनिट गेले, म्हणजे एक अष्टमांशापेक्षा थोडे जास्त गेले. गाडी घाटात अडकून पडावी असे त्यात काही नाही. उलट, विजेच्या चलित्राचा जोर अगदी मंद गतीतही पूर्ण मिळत असल्यामुळे वळणावर थांबून पुन्हा चढ धरणे या गाडीला सोपे जाते.

खरी गंमत उतारावर आहे. पेट्रोलच्या गाडीने चढताना जाळलेले इंधन उतरताना परत मिळत नाही. ब्रेक तापतात आणि ऊर्जा हवेत विरून जाते. विजेच्या गाडीत उतारावर चलित्रच जनित्राचे काम करू लागते आणि निर्माण झालेली वीज बॅटरीत परत जाते. सातारा जिल्ह्याला हे तत्त्व परके नाही. कोयनेचे पाणी उंचीवरून खाली येताना जे करते, तेच ही मोटार पसरणी घाट उतरताना अल्प प्रमाणात करते. घर्षण वजा जाता एक ते सव्वा युनिट वीज अशा रीतीने परत मिळू शकते. जाणे-येणे मिळून हिशेब केला, तर घाटातील एकूण खर्च महामार्गावर तेवढ्याच अंतराला होणाऱ्या खर्चाच्या जवळपासच येतो.

येथे पाचगणीत राहणाऱ्या गाडीमालकाने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे, आणि ती विक्रेता आवर्जून सांगेलच असे नाही. रात्रभर वीज भरून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी गाडी थेट घाटात उतरवली, तर परत येणारी वीज ठेवण्यास बॅटरीत जागाच उरत नाही. गाडीची यंत्रणा मग ही परतफेड कमी करते किंवा बंद ठेवते, आणि सारा भार नेहमीच्या ब्रेकवर पडतो. पेट्रोलच्या गाडीत पहिला-दुसरा गिअर टाकून उतरण्याची सवय असलेल्या चालकाला येथे तो आधारही नसतो, कारण या गाड्यांना तसे गिअरच नाहीत. उपाय सोपा आहे. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्याने बॅटरी ९० टक्क्यांवर थांबवावी. उताराला लागणारी जागा ४-५ टक्क्यांचीच असल्यामुळे एवढी मोकळीक पुरते, आणि बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीनेही रोज शंभर टक्के न भरणेच हिताचे असते.

मजल कोठवर?

प्रमाणपत्रात लिहिलेले अंतर आणि रस्त्यावर मिळणारे अंतर यांत तफावत असते. पहिल्या ‘नेक्सॉन’ची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि तिचे प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर होते. परंतु महामार्गावरील वेग, वातानुकूलन आणि भरलेली गाडी धरता १०० किलोमीटरला १५ युनिट असा हिशेब ठेवणे शहाणपणाचे. त्याप्रमाणे ३० युनिटांत २०० किलोमीटर होतात. पुणे ते पाचगणी हे अंतर सुमारे १०० किलोमीटरच आहे; म्हणजे एका भरणीत जाऊन येता येईल, असे वाटेल. पण पाचगणी पुण्याहून सातशे मीटरांहून अधिक उंच आहे. जाताना १८ युनिट आणि येताना १२ युनिट धरले, तर बॅटरी नेमकी रिकामी होते. असा प्रवास कोणी करू नये. पाचगणीत किंवा वाटेत एकदा वीज भरणे अटळ आहे. मुंबईहून येणाऱ्यास तर ते आलेच. याहून मोठ्या बॅटरीच्या गाड्या आता मिळतात, पण त्यांची किंमतही त्या मानाने चढी असते.

जलद भरणी केंद्रावर ५० किलोवॅटच्या यंत्राने १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी भरण्यास साधारण तासभर लागतो. त्यापुढील २० टक्के मुद्दाम सावकाश भरले जातात, म्हणून ८० टक्क्यांवर गाडी काढून दुसऱ्यास जागा देणे सर्वांच्याच सोयीचे. मे महिना, दिवाळीची सुटी आणि वर्षअखेर या दिवसांत पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर वाहनांची किती दाटी होते, हे स्थानिकांना सांगावयास नको. अशा दिवशी आपल्यापुढे दोन गाड्या असल्या, तर तासाचे तीन तास होतात. पेट्रोल पंपावरील रांग आणि ही रांग यांत हाच फरक आहे.

घरातील सोय

यावरून दिसेल की, विजेची मोटार पाहुण्यापेक्षा रहिवाशाला अधिक सोयीची आहे. ज्याचे रोजचे जाणे-येणे पाचगणी, भिलार, महाबळेश्वर, वाई एवढ्यापुरते आहे आणि ज्याच्या अंगणात गाडी उभी राहते, त्याला सार्वजनिक केंद्राची क्वचितच गरज पडेल. १५ अँपिअरच्या साध्या जोडणीवर तासाला सुमारे ३ युनिट भरतात. रात्रीच्या आठ तासांत दीडशे किलोमीटरांची बेगमी होते. परंतु ही जोडणी आठ तास अखंड भार वाहते, हे विसरता कामा नये. जुन्या बंगल्यांतील बारीक तारा आणि ढिले सॉकेट या भाराने तापतात. म्हणून मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र संरक्षक स्विच आणि पक्के भूसंपर्कन आवश्यक आहे. खडकाळ जमिनीत भूसंपर्कन चांगले लागत नाही. ते मापून घ्यावे. ७ किलोवॅटचे यंत्र बसवावयाचे असल्यास महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.

भाड्याच्या खोलीत राहणारा शिक्षक किंवा वरच्या मजल्यावरील कर्मचारी यांच्यापुढील प्रश्न मात्र गाडीच्या किमतीइतकाच कठीण आहे. घरमालकाची संमती, वेगळा मीटर, खाली उतरविलेली तार यांपैकी एक जरी अडले, तरी त्याची गाडी परस्वाधीन होते. पावसाळ्यात झाडे तारांवर पडून वीजपुरवठा खंडित होतो, त्या दिवसांसाठी बॅटरीत निदान तिसरा हिस्सा वीज कायम राखावी. पावसाचे भय मात्र अनाठायी आहे. बहुतेक गाड्यांच्या बॅटऱ्या एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा प्रमाणाने बंदिस्त केलेल्या असतात. पाचगणीची सौम्य हवाही बॅटरीला मानवते. विदर्भातील उन्हाळा तिला अधिक जाचक ठरतो.

खर्चाचे गणित वापरावर अवलंबून आहे. महिन्याला १,००० किलोमीटर धावल्यास भरणीतील गळतीसह सुमारे १७० युनिट लागतात. युनिटला १२ रुपये धरले, तर दोन हजारांच्या घरात खर्च जातो. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला पेट्रोल शंभर रुपये धरूनही साडेसहा हजारांवर खर्च येतो. मात्र घरातील एकूण वापर ३०० युनिटांपुढे गेला, की घरगुती विजेचा दर चढत जातो, ही बाब हिशेबात घ्यावी. महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच फिरणाऱ्याला मूळ किमतीतील जादा रक्कम भरून निघण्यास फार वर्षे लागतील; त्याने घाई करू नये. बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी असते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने त्यातील किती वर्षे उरली, हे आधी पाहावे.

या गाडीने धूर होतच नाही, असेही म्हणता येणार नाही. देशातील बरीचशी वीज कोळशापासून होते आणि एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यानुसार १०० किलोमीटरला विजेच्या गाडीचे १२ किलो आणि पेट्रोलच्या गाडीचे १५ किलो असा हिशेब येतो. फरक आहे, पण जाहिरातींत भासतो तेवढा नाही. पाचगणीपुरते मात्र महत्त्व निराळ्या गोष्टीला आहे. येथील शुद्ध हवेसाठीच १९१२ मध्ये क्षयरोग्यांचे ‘बेल-एअर’ आरोग्यधाम स्थापन झाले, आणि १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. शाळांच्या फाटकांपाशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा धूर आणि आवाज थांबणे, हा लाभ आकडेवारीत न दिसणारा पण रोजचा आहे.

पंचायतींच्या दृष्टीने एक तरतूद उपयोगी आहे. सार्वजनिक भरणी केंद्र काढण्यास विद्युत कायद्याखालील परवाना लागत नाही, असे केंद्र शासनाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. नवे बांधकाम न करता अस्तित्वात असलेल्या वाहनतळावरच संथ भरणीचे चार-सहा खांब उभे केले, तर अंगण नसलेल्या रहिवाशांची सोय होते आणि हंगामात पाहुण्यांकडून उत्पन्नही मिळते. त्यासाठी ग्रामसभेने ठरावासोबत जागेचा नकाशा आणि जवळच्या रोहित्राची शिल्लक क्षमता ही माहिती महावितरणच्या उपविभागाकडून आधीच मागवून घ्यावी. रोहित्र अपुरे असेल, तर ते बदलण्याचा खर्च खांबांच्या खर्चाहून अधिक येऊ शकतो.