चार चाकांचा एक सूर

गाणगापूरच्या यात्रेमुळे पूर्वीचा गुलबर्गा, म्हणजे २०१४ पासूनचा कलबुर्गी जिल्हा आपल्याकडील जुन्या घराण्यांना परका नाही. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर स्नान करून, माधुकरी मागून आलेली माणसे बहुतेक घरांत सापडतील. परंतु त्याच्या उत्तरेस लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात, भालकी-औरादकडे, आपले जाणे क्वचितच घडते. हे दोन्ही जिल्हे जुन्या हैदराबाद राज्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हा मुलूख म्हैसूरकडे गेला. तरीही भालकीकडच्या कित्येक खेड्यांत घरी मराठी, कचेरीत कानडी आणि गॅरेजात दखनी, असा तिहेरी व्यवहार आजही सुखाने चालतो.

गेल्या भाद्रपदात माझ्या एका शिष्याच्या मामांकडे तिकडे जाण्याचा योग आला. निमित्त भजनाचे होते. पण मामांचे चित्त भजनात नव्हते. त्यांच्या उपजीविकेचे साधन असलेली पिकअप गाडी रानाच्या वाटेवर रुतून बसली होती. मूग आणि उडीद ही तिकडची पिके ऐन पावसात काढणीला येतात. शेंग भिजली की दाण्याला मोड येतो आणि भाव पडतो. म्हणून ज्या दिवसांत गाडी रानापर्यंत पोचलीच पाहिजे, नेमक्या त्याच दिवसांत वाट चिखलाची असते.

“मास्तर, मागची दोन चाकं नुसती फिरतात बघा, आन् पुढची दोन बसून खातात,” मामा म्हणाले. त्यांनी यावर तोडही काढून ठेवली होती. एका भंगारवाल्याकडून त्यांनी जुन्या जीपचा पुढचा आस विकत आणला होता. तो गाडीला बसवायचा आणि चारही चाकांना कामाला लावायचे, असा त्यांचा बेत. त्यासाठी त्यांनी कर्जाचीही बोलणी केली होती.

मामांचे निदान खोटे नव्हते. बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिनाचा जोर लांब दांड्यावाटे केवळ मागच्या आसाला मिळतो. गाडी रिकामी असली की इंजिनाचा भार पुढे पडतो आणि मागची बाजू हलकी राहते. तशात काळ्या मातीचा चिकण अंश पाणी पिऊन फुगतो, टायरच्या खाचांत भरतो आणि घडीभरात टायर गुळगुळीत होतो. मागच्या आसातील डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. एक चाक गरगर फिरते आणि दुसरे उभे राहते.

असा बदल जगात कोणी केला नाही, असेही नाही. अमेरिकेतील मार्मन-हेरिंग्टन या १९३१ साली स्थापन झालेल्या कंपनीने फोर्डच्या मालमोटारींना चारही चाकांचा जोर देण्याचा मोठा धंदा केला. पुढे मिनियापोलिसच्या नॅप्को कंपनीने शेव्हर्लेच्या पिकअपसाठी तसा संचच विक्रीस काढला आणि १९५७ पासून तो मूळ कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. परंतु ते संच त्या त्या गाडीचे माप घेऊन रचलेले होते. आपल्या मामांचा आस भंगारातून आलेला.

हुमनाबादच्या रस्त्यावर एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत. तिकडे मिस्त्रीला ‘उस्ताद’ म्हणतात, हे ऐकून माझ्यासारख्या गाणाऱ्याला गंमत वाटली. उस्तादांनी आस पाहिला आणि एकही नट न उघडता तो दोन दगडांवर ठेवविला. दांडा जिथे जोडतात तिथे त्यांनी खडूने खूण केली, दोन शागिर्दांना दोन्ही टोके एकदम फिरवावयास सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्टरसाब, तुम गिनो.”

मात्रा मोजण्यात जन्म गेला. या मोजणीत काय अवघड! चाकाचा एक पूर्ण फेरा होईतो खूण पाच वेळा फिरली आणि वर एक तृतीयांशाहून किंचित अधिक पुढे गेली. मग पिकअपची मागची बाजू जॅकवर उचलून तिथेही तसेच केले. तिथे चार फेरे झाले आणि खूण थोडीशीच पुढे सरकली.

“दोनों का हिसाब एक नै. गाडी खुदको खाती,” उस्ताद म्हणाले आणि हात पुसू लागले.

प्रकरण असे आहे. दांड्याच्या टोकाला लहान दंतचक्र असते आणि ते आसातील मोठ्या चक्राला फिरवते. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये मोठ्यास ४३ आणि लहानास ८ दात असत. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास दांड्याचे ५.३८ फेरे. युद्धकाळातील विलीज जीपमध्ये हे प्रमाण ४.८८ होते. कोणत्याही जीपमध्ये ते पुढे आणि मागे एकच असे, हे मुख्य. मामांच्या गाडीत पुढचे चाक मागच्याहून हळू फिरू पाहिले असते, आणि जमीन तर दोघांना एकाच वेगाने नेणार! चिखलात घसरण असल्याने हे भांडण काही काळ खपते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र दांडा पिळवटतो आणि दात तुटतात. मैफलीत गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात. त्यांतला एक जरासा उतरलेला असेल तर आवाज दुप्पट होत नाही, गाणेच मोडते. तसाच हा प्रकार.

“मग जोडीचा आस शोधू,” मामा म्हणाले. उस्तादांनी मान हलवली. आस मिळाला तरी जोर वाटणारी दुसरी पेटी हवी, पुढचा दांडा हवा, स्प्रिंगा, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची मांडणी बदलावयास हवी. वजन वाढले की तेवढा माल कमी. त्यावर कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ तपशिलात मनाजोगा फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील, आणि घर कर्जात बुडेल. कारखान्यातूनच चारही चाकांच्या जोराने निघालेल्या पिकअप गाड्या मिळतात. ऐपत होईल तेव्हा तशी घ्यावी, असा त्यांचा सल्ला. काम नाकारून स्वतःची मजुरी बुडविणारा असा मिस्त्री पाहून मला घरंदाज गुरूंची आठवण झाली. तेही अपात्र गळ्याला अवघड चीज देत नसत.

परतताना मामा गप्प होते. वेशीपाशी लाल मुरमाचा उघडा कडा दिसला. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. किल्ल्याच्या भिंतीही त्याच लाल दगडाच्या. मामांनी गाडी थांबवून त्या कड्याकडे बराच वेळ पाहिले.

दिवाळीनंतर शिष्याकडून कळले, की मामांनी कर्ज काढले नाही. मागच्या चाकांना त्यांनी खोल खाचांचे टायर चढविले. शेजारच्या सात खातेदारांना गोळा करून, रीतसर परवानगी काढून, रानाच्या वाटेवर मुरूम टाकण्यास आरंभ केला. निम्मी वाट झाली. उरलेल्या निम्म्या वाटेसाठी दोन भावांची संमती मिळावयाची आहे. ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बांध दोघांच्या मधून जातो.

जीपचा आस अद्याप मामांच्या अंगणात लिंबाखाली पडून आहे. तो भंगारात परत देण्यास ते तयार नाहीत. वाट पुरी झाली की देईन, म्हणतात.